प्याद्याला नाव दिले की...

सुट्टीच्या दिवसांत घरातली मुले मोबाईल किंवा कॉम्प्युटर घेऊन कोपऱ्यात बसली की बहुतेकदा गोळ्यांचे आवाज आणि आरडाओरडा ऐकू येतो. पण काही मुले अगदी गप्प बसून खेळत असतात. त्यांच्या पडद्यावर चौकोनांचा पट असतो, त्यावर चार-सहा शिपाई उभे असतात आणि घाई कसलीच नसते. आधी आपली पाळी, मग शत्रूची. एकेक शिपाई विचार करून हलवायचा, आडोशाला उभा करायचा, नेम धरायचा. नेम धरला की खेळच आकडा सांगतो : गोळी लागण्याची शक्यता ८५ टक्के. मूल बटण दाबते आणि गोळी चुकते. पुढच्या पाळीत शत्रू वार करतो, शिपाई पडतो. मूल हिरमुसून सांगते, "अम्मी, माझा सलीम गेला!" अम्मीला प्रश्न पडतो, हा सलीम कोण?

सलीम म्हणजे त्या सहा शिपायांपैकी एक. मुलाने त्याला आपल्या मामूंचे नाव दिलेले असते. दहा-बारा लढायांत त्याला जपलेले असते, वरच्या हुद्द्यावर नेलेले असते. आणि या खेळांचा नियम असा, की पडलेला शिपाई परत येत नाही.

वाचकहो, "खेळच तर आहे" असे म्हणून आपण हा विषय सोडून देतो, किंवा "मोबाईल ठेव" म्हणून संपवतो. पण यात दोन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत, ज्यांच्याशी माणसाची जुनी ओळख आहे. एक म्हणजे हाती नसलेले दान, आणि दुसरी म्हणजे आपल्या माणसाबद्दलची माया. या दोन गोष्टी नीट जुळल्या तर मूल काही शिकते. त्याच दोन गोष्टी कोणी दुकानात मांडल्या तर घराचे पैसे जातात. हा फरक आई-वडिलांना ओळखता यायला हवा.

पट आणि बुद्धिबळ

आपल्या आजी-नानींच्या काळी घरोघरी कापडाचा पट असे. सात कवड्या, चार रंगांच्या सोंगट्या. दान पडेल तितकी घरे चालायचे. समोरच्याने सोंगटी मारली तर ती पुन्हा पहिल्यापासून बसवायची. बुद्धिबळाचे तसे नाही. तिथे फासा नाही, कवडी नाही. हत्ती, उंट, घोडा, वजीर, प्यादे जिथे आहेत तिथे सर्वांना दिसतात. हरलात तर दोष तुमच्या चालीचा.

या दोन खेळांतला फरक हजार वर्षांपूर्वी अरब विद्वानांनाही मोलाचा वाटला होता. इतिहासकार आणि प्रवासी अल-मसऊदी हिजरी ३०४ म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास आपल्या कोकणातल्या चौलला येऊन गेला. अरब त्या बंदराला सैमूर म्हणत. त्याने आपल्या ग्रंथात शतरंज आणि नर्द, म्हणजे फाशांचा खेळ, यांच्याबद्दल एका विचारवंताचे मत नोंदवले आहे. शतरंज काढणारा माणूस इच्छास्वातंत्र्य मानणारा असावा, आणि नर्द काढणाऱ्याला दाखवायचे असावे की नशिबापुढे कोणाचे काही चालत नाही. तदबीर मोठी की तकदीर, हा वाद असा खेळाच्या पटावर उतरला होता.

आपल्या जालन्याचेही या गोष्टीशी एक नाते आहे. अकबराचा दरबारी अबुल फझल दख्खनच्या मोहिमेवर असताना काही काळ जालन्यात राहिला होता, असे सांगितले जाते. दख्खनहून परत जाताना १६०२ मध्ये त्याचा खून झाला. त्याच्या 'आईन-ए-अकबरी'त दरबारातल्या खेळांवर वेगळे प्रकरण आहे. त्यात चौपड आहे, गंजिफा आहे, आणि स्वतः अकबराने बसवलेला चंदल मंडल नावाचा खेळही आहे. अबुल फझल सांगतो की वाड्यात चौपडीला दोन-दोनशे माणसे बसत आणि ठरलेले सोळा डाव पुरे झाल्याशिवाय कोणालाही घरी जाता येत नसे. काहींचे हे डाव तीन-तीन महिने चालत. वरून पाहिले तर हा नुसता खेळ, पण बादशहाचा हेतू माणसे जोखण्याचा आणि त्यांना आपसात सलोख्याने वागायला शिकवण्याचा होता, असे त्याचे म्हणणे आहे. दान उलटे पडल्यावर माणूस कसा वागतो, यावरून त्याचा स्वभाव कळतो. हे आजही तितकेच खरे आहे.

आज मुलांच्या हातातले हे लढाईचे खेळ म्हणजे पट आणि बुद्धिबळ यांची जोडणी आहे. शिपाई कुठे उभा करायचा हे बुद्धिबळासारखे आपल्या हाती, आणि वार लागेल की नाही हे कवड्यांसारखे दानावर. ही जोडणी काही संगणकवाल्यांनी पहिल्यांदा केली नाही. प्रशियाच्या सैन्यातला एक अधिकारी, गेऑर्ग फॉन राइसविट्झ, याने १८२४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ तयार केला. त्यात पलटणींचे ठोकळे होते आणि कोणाचे किती नुकसान झाले ते ठरवायला फासे होते. कारण रणांगणावर सगळे हिशेबाने होत नाही, हे त्या लोकांना ठाऊक होते.

पंच्याण्णव टक्के म्हणजे किती?

या खेळांबद्दल मुलांची एक तक्रार कायम असते : "९५ टक्के दाखवत होते, तरी चुकले! खेळ लबाडी करतो." 'एक्सकॉम' नावाच्या खेळमालिकेबद्दल तर जगभर हीच तक्रार आणि याच विनोदांचा पाऊस आहे. ही मालिका १९९४ मध्ये ज्युलियन गोलॉप याच्या 'यूएफओ : एनिमी अननोन' या खेळापासून सुरू झाली आणि २०१२ मध्ये नव्या रूपात आली.

हिशेब साधा आहे. ९५ टक्के म्हणजे वीस गोळ्यांत सरासरी एक चुकणार. एका लढाईत अशा दहा गोळ्या झाडल्या, तर त्यांतली निदान एक चुकण्याची शक्यता सुमारे ४० टक्के निघते. ८५ टक्क्यांच्या दहा गोळ्या असतील तर एक तरी चुकण्याची शक्यता ८० टक्क्यांवर जाते. म्हणजे चुकणे ही रोजची गोष्ट झाली.

जालन्यात हे कोणाला वेगळे शिकवायला नको. हा बियाण्यांचा जिल्हा. पिशवीवर उगवणीची टक्केवारी छापलेली असते, आणि सोयाबीनला तर किमान ७० टक्क्यांचीच अट असते. शेतकरी तो आकडा वाचून निर्धास्त बसत नाही. तो सरकीच्या दोन-दोन बिया टोकतो, आठ-दहा दिवसांनी शेतात फिरून पाहतो आणि जिथे उगवले नाही तिथे नांगे भरतो. टक्केवारी म्हणजे वचन नव्हे, हे त्याला पक्के माहीत असते. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवली जाते. चांगला खेळाडू तेच करतो. ९५ टक्क्यांची गोळी झाडताना तो आधी विचारतो, "चुकली तर माझा शिपाई कुठे उभा असेल?"

मनाला मात्र हे पटत नाही. 'सिव्हिलायझेशन' या प्रसिद्ध खेळाचा कर्ता सिड मायर याने २०१० मध्ये खेळ बनवणाऱ्यांच्या मेळाव्यात एक अनुभव सांगितला होता. लढाईत खेळाडूचे पारडे तीनास एक असे जड असताना तो हरला, तर तो चिडे, खेळ बिघडला आहे म्हणे. पण तोच खेळाडू एकास तीन अशा हलक्या पारड्याने जिंकला तर त्याची काहीच तक्रार नसे. दान पडले तर आपली हुशारी, न पडले तर खेळ खोटा!

म्हणून अनेक खेळ खेळाडूच्या मनासारखे गुपचूप वागतात. जपानच्या 'फायर एम्ब्लेम' मालिकेत २००२ पासून बऱ्याच खेळांनी अशी युक्ती वापरली की एकाऐवजी दोन आकडे काढायचे आणि त्यांची सरासरी धरायची. त्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसले तर खरी शक्यता ९८ च्या आसपास जाते, आणि १० टक्के दिसले तर ती दोनवर येते. 'एक्सकॉम'नेही सोप्या पातळीवर खेळाडूला छुपी सूट दिली आहे. म्हणजे "खेळ लबाडी करतो" ही तक्रार अगदीच खोटी नाही. पण ती लबाडी बहुधा आपल्याच बाजूची असते.

जो जाऊ शकतो, त्याच्यावर जीव जडतो

आता मायेकडे वळू. पटावरची सोंगटी मेली तर आपण हळहळतो, पण ती पुन्हा बसते. बुद्धिबळात प्यादे गेले तर आठांतले एक गेले. त्याला नाव नसते, मागची कहाणी नसते. मग सलीमसाठीच मूल का रडते?

१९९० मध्ये आलेल्या पहिल्या 'फायर एम्ब्लेम'ने शिपायांना नावे, चेहरे आणि स्वभाव दिले, आणि लढाईत पडलेला साथीदार पुढच्या कथेतून कायमचा वजा केला. त्या क्षणी प्याद्याचा माणूस झाला. २०१२ च्या 'एक्सकॉम'मध्ये खेळाडू शिपायाचे नाव बदलू शकतो. जगभरची मुले तिथे भावाचे, दोस्ताचे, मामूंचे नाव घालतात. पडलेल्यांची नावे छावणीतल्या एका भिंतीवर लावलेली दिसतात. खेळ तेवढ्यावर थांबतो, बाकीचे खेळणाऱ्याचे मन करते.

यात दानाचा वाटा मोठा आहे. जो शिपाई कधीच मरणार नाही त्याची काळजी कोण करील? ज्याचे मरण आधीच ठरले आहे, त्याच्यात तरी कोण जीव गुंतवील? वाचेल की नाही हे माहीत नसते, म्हणूनच आपण त्याला आडोशाला ठेवतो. २०१० पासून 'फायर एम्ब्लेम'ने पडलेला साथीदार पुढच्या लढाईत परत येईल अशी सोपी पातळीही दिली. लहान मुलांना ती बरी वाटते, पण अनेक जुने खेळाडू अजूनही कठीण पातळीच निवडतात. गमावण्याची भीती गेली की जपण्याची सवयही जाते, हे त्यांना कळलेले आहे.

बुद्धिबळाच्या जन्माची एक गोष्ट फिरदौसीच्या 'शाहनाम्या'त आहे. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या त्या ग्रंथात हिंदुस्थानातल्या गव आणि तलहंद या दोन सावत्र भावांची लढाई येते. तलहंद रणांगणात मेला, पण कोणी त्याच्यावर वार केला नव्हता. आपले सैन्य संपले हे पाहून हत्तीवरच त्याचा जीव गेला. आईला ते पटेना. तिने गववर भावाच्या खुनाचा आळ घेतला. तेव्हा जाणत्या माणसांना बोलावून गवने पट तयार करवला, त्यावर दोन फौजा मांडल्या आणि तिच्या मुलाचा शेवट कसा झाला ते आईला दाखवले. ही कथा आहे, इतिहास नव्हे. पण तिच्यात बुद्धिबळ जन्माला येते ते एका आईच्या दुःखातून. लाकडी मोहऱ्यांत ती आपला मुलगा पाहत होती.

असईचे मैदान

पटावरचे हे सगळे ज्याची नक्कल आहे, ते आपल्याच जिल्ह्यात प्रत्यक्ष घडले आहे. भोकरदन-जाफराबादच्या भागात, केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या पट्ट्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा एका बाजूला आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज दुसऱ्या बाजूला उभी होती. कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा म्होरक्या पोलमान नावाचा जर्मन, त्याच्या जोडीला सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी, आणि तोफा शंभराच्या आसपास.

वेलस्लीचा बेत दुसऱ्या दिवशी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेबरोबर मिळून हल्ला करायचा होता. पण शत्रू वाटला होता त्यापेक्षा जवळ निघाला. नदी ओलांडायला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीला दुर्बिणीतून नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. इतकी जवळची दोन गावे आहेत तर मधे उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला आणि तो खरा निघाला. खोटा निघाला असता तर? त्याच्यासमोर कोणी टक्केवारीचा आकडा दाखवलेला नव्हता.

मग दान उलटेही पडले. आघाडीच्या तुकडीचा अधिकारी ऑरॉक ठरलेल्या दिशेऐवजी थेट असई गावाकडे वळत गेला. त्याच्या मागे ७४ वी पलटण गेली आणि गावातल्या तोफांच्या तोंडी सापडली. ती पलटण जवळजवळ कापली गेली. वेलस्लीचा एक घोडा त्याच्याखाली ठार झाला. डायोमेड नावाचा त्याचा दुसरा, आवडता अरबी घोडा भाल्याने जखमी झाला. लढाई कंपनीने जिंकली, ९८ तोफा घेतल्या. पण तिचे ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. इतकी किंमत देऊन मिळणारा विजय पुन्हा पाहायची इच्छा नाही, असे वेलस्लीने नंतर पत्रात लिहिले. तरी म्हातारपणी त्याला आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारले, तेव्हा त्याने असईचेच नाव घेतले.

या लढाईच्या सरकारी यादीत एक गोष्ट मनाला लागते. मेलेल्या आणि जखमी गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे त्यात आहेत. देशी शिपायांचे आकडे आहेत. शिंदे-भोसल्यांच्या बाजूने मेलेल्यांचा तर नक्की आकडाही नाही. घोड्याचे नाव इतिहासाला ठाऊक आहे, पण त्याच मातीत पडलेल्या हजारोंची नावे कोणाला माहीत नाहीत. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते, आणि दोन्ही बाजूंना होते. प्रत्येकाच्या घरी कोणी वाट पाहत असेल. आपल्या मुलाने पडद्यावरच्या एका शिपायाला नाव दिले आणि त्याला जपले, तर त्यात वाईट काही नाही. नाव असलेल्या माणसाला मरायला पाठवणे जड जाते, एवढे तरी त्याला कळते. पलटणीच्या आकड्यामागे माणसे असतात हे त्याला सांगायचे असेल, तर असई दूर नाही. एखाद्या सुट्टीत त्याला तिथे घेऊन जावे.

मायेचे दुकान

आता धोक्याची बाजू. 'फायर एम्ब्लेम'चाच मोबाईलवरचा अवतार २०१७ मध्ये आला. तो फुकट उतरवता येतो, पण त्यातले आवडते योद्धे सोडतीतून मिळतात आणि सोडतीसाठी लागणारी रत्ने खऱ्या पैशाने विकत घेता येतात. आपल्याला हवा तो योद्धा निघेल की नाही, हे दानावर. जपानमध्ये नाणे टाकून खेळणी काढायच्या यंत्रावरून या पद्धतीला 'गाचा' म्हणतात. दान तेच, माया तीच. फक्त पूर्वी दान चुकले तर शिपाई जात असे, आता पैसे जातात. आणि आवडत्या नावासाठी मूल पुन्हा पुन्हा सोडत फिरवते.

अनेक देशांनी याची दखल घेतली आहे. सोडतीतल्या चिजांचा पूर्ण संच जमवला तरच मोठे बक्षीस, असा सापळा जपानने २०१२ मध्ये बेकायदा ठरवला. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार मानले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. जुगार कुरआनने मनाई केलेला आहे, हे आपल्या घरात वेगळे सांगायला नको. फासे आणि शतरंज यांच्याबद्दल फुकहांमध्ये जुने मतभेद आहेत. पण पैशाची पैज लागली की मामला बदलतो, यावर मतभेद नाही. अडचण एवढीच आहे की मोबाईलवरचा जुगार स्वतःला जुगार म्हणत नाही. तो रत्ने, नाणी, पेट्या, भेटी अशा नावांनी येतो.

तेव्हा मुलाच्या खेळाकडे पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात. खेळ एकदाच विकत घेतला आहे की चालू खेळात पुन्हा पुन्हा पैसे मागतो? निर्णय घेण्याआधी शक्यतेचा आकडा समोर दिसतो का? आणि दान उलटे पडल्यावर मूल काय करते? काही मुले लगेच खेळ मागे नेऊन तोच वार पुन्हा करतात. २०१२ च्या 'एक्सकॉम'ने यावर तोड काढली होती. मागे जाऊन तीच चाल तशीच केली तर निकालही तोच येत असे. काही मुले खेळाला शिव्या देतात. काही मुले थोडा वेळ गप्प राहतात आणि उरलेल्या शिपायांची मांडणी पुन्हा करतात. ही तिसरी सवय खेळाबाहेरही कामाला येते. परीक्षेत, धंद्यात, पेरणीत, आजारपणात आपल्याला तेच तर करावे लागते.

ही सवय लावायला महागडा कॉम्प्युटर लागतोच असे नाही. कपाटात जुना पट असेल तर काढा, नसेल तर कापडावर घरे आखून घ्या. सात कवड्या, चार जण आणि पैज अजिबात नाही. मुलांना त्यांच्या सोंगट्यांना नावे ठेवू द्या. दान चुकले आणि सोंगटी मेली की एकच प्रश्न विचारा, "ती तिथे का ठेवली होतीस?" कवड्यांना दोष देणारे मूल हळूहळू आपल्या चालीकडे पाहू लागेल. आणि चाल बरोबर असूनही दान उलटे पडू शकते, हे त्याला घरातल्या माणसांबरोबर हसतखेळत कळेल.